त्वरणलेखक नुसते बसवू नका, भूकंपाच्या दिवसापर्यंत चालते ठेवा : एक खुले पत्र

प्रति,
मोठी धरणे, पूल आणि उंच इमारती सांभाळणाऱ्या संस्था,
भूकंपनोंदणीची जाळी चालवणारे विभाग,
आणि या कामासाठी निधी मंजूर करणाऱ्या समित्या यांस

स.न.वि.वि.

आम्ही त्वरणलेखकांची (भूकंपात जमिनीचे किंवा बांधकामाचे त्वरण नोंदवणाऱ्या उपकरणांची) देखभाल करणारे, त्यांच्या नोंदी तपासणारे आणि त्या अभियंत्यांच्या हाती देणारे लोक आहोत. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. तुमच्या यादीत असलेली काही केंद्रे मोठ्या भूकंपाच्या क्षणी नोंद देणार नाहीत. जी देतील, त्यांतल्या काहींची नोंद वापरता येणार नाही. कारणे मोठी नसतात. मेलेली बॅटरी, सैल बोल्ट, उलट बसवलेला सेन्सर, फाइलमध्ये चुकीचा लिहिलेला एक आकडा, एवढ्याने काम बिघडते. भूकंप दुसरी संधी देत नाही, म्हणून ही किरकोळ कारणे आम्हाला किरकोळ वाटत नाहीत.

दूरचे बारीक भूकंप टिपणारा संवेदनशील भूकंपमापक जवळच्या मोठ्या धक्क्यात कामाचा राहत नाही. त्याचा आलेख मर्यादेला जाऊन कापला जातो. त्वरणलेखक मुद्दाम कमी संवेदनशील असतो, म्हणजे सगळ्यात जोराच्या हादऱ्यातही आलेख पूर्ण उमटावा. इमारतीवर बल किती आले हे त्वरणावरून काढतात, म्हणून बांधकामाची संहिता लिहिणाऱ्यांना हीच नोंद लागते.

अशा पहिल्या नोंदी कॅलिफोर्नियातल्या १९३३ च्या लाँग बीच भूकंपात मिळाल्या. १९४० मध्ये तिथल्याच एल सेंट्रोला मिळालेल्या नोंदीत कमाल त्वरण सुमारे एक तृतीयांश जी (जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाचे त्वरण) होते, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी इमारतींचे गणित त्या एका आलेखावर शिकले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना धरणाच्या गॅलरीतल्या (धरणाच्या आतल्या बोगद्यातल्या) त्वरणलेखकाने धरणाच्या अक्षाच्या दिशेने ०.६३ जी, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ जी आणि उभ्या दिशेने ०.३४ जी एवढे त्वरण नोंदवले. धरणाच्या उंच ब्लॉकना, मागचा उतार जिथे बदलतो त्या पातळीच्या आसपास, आडव्या भेगा पडल्या. हादरा आणि त्यातून झालेले नुकसान अशी दोन्हींची नोंद एकाच धरणाची असल्याने काँक्रीट धरणांच्या गणिती प्रारूपांची परीक्षा आजही जगभर या जोडीवर घेतली जाते. तरीही तिच्यात एक उणीव राहिली. उपकरण एकच होते आणि तेही बांधकामाच्या आत. खालच्या खडकाचा हादरा किती आणि धरणाने त्यात घातलेली भर किती, हे त्या एका नोंदीतून पुरते वेगळे करता येत नाही. काठावरच्या खडकावर आणि माथ्यावर आणखी एकेक उपकरण असते तर कितीतरी वाद कमी झाले असते.

नोंद नसली की काय होते, हे किल्लारी आणि भूजने दाखवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या मुख्य धक्क्याची उगमाजवळची त्वरणनोंद नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात त्वरणलेखकाची जी नोंद कामी आली ती अहमदाबादच्या एका इमारतीतली, उगमापासून २०० किलोमीटरहून दूरची. जिथे घरे भुईसपाट झाली तिथे जमीन नेमकी कशी हलली, हे आता अंदाजानेच सांगावे लागते. तो अंदाज आपण नव्या इमारतींच्या संकल्पनात वापरतो.

म्हणून पहिली विनंती जागेविषयी आहे. केंद्र जिथे सोयीचे तिथे बसते: कार्यालयाच्या जिन्याखाली, पंपघराशेजारी, संरक्षक भिंतीला लागून. अशा ठिकाणी जमिनीच्या हालचालीत इमारतीची हालचाल मिसळते. मुक्त जमिनीवरचे केंद्र जवळच्या इमारतीपासून निदान तिच्या उंचीइतके दूर हवे, जमल्यास दीडपट. मोठी झाडे, पाण्याच्या टाक्या आणि विजेचे उंच खांबही टाळा. वाऱ्याने ते डोलतात आणि मुळांवाटे, पायावाटे जमीन हलवतात. टेकडीच्या टोकावर किंवा कड्यावर बसवलेले केंद्र आसपासच्या सपाटीपेक्षा जास्त त्वरण दाखवू शकते. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पकोइमा धरणाच्या काठावरच्या अरुंद खडकाळ धारेवर १.२ जीच्या आसपास नोंद मिळाली, आणि त्यातला भूरचनेचा वाटा किती यावर पुढे वर्षानुवर्षे अभ्यास झाले. अशी जागा निवडू नका असे आम्ही म्हणत नाही, पण निवडली तर ती तशी आहे हे नोंदीसोबत लिहा.

केंद्राखालची माती ठाऊक नसेल तर नोंद अर्धीच उपयोगाची. १९ सप्टेंबर १९८५ ला उगम शेकडो किलोमीटर दूर असताना मेक्सिको सिटीत कठीण जमिनीवर ०.०३ ते ०.०४ जी नोंदले गेले, तर जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर सुमारे ०.१७ जी. शिवाय गाळावरची हालचाल दोन सेकंदांच्या आवर्तकालाभोवती (एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेभोवती) एकवटलेली होती, आणि त्याच लयीत डोलणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारती पडल्या. तेव्हा प्रत्येक केंद्राखाली निदान ३० मीटर खोलीपर्यंतचा कातरलहरींचा (जमिनीला आडवे हलवणाऱ्या लहरींचा) वेग मोजून घ्या. बोअर घेणे शक्य नसेल तर पृष्ठलहरींच्या पद्धतीने हे काम थोड्या तासांत होते. खरेदीच्या वेळी ते राहून गेले की पुढे क्वचितच होते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून ते त्याच निविदेत घाला. आणि प्रत्येक शहरात निदान एक केंद्र उघड्या खडकावर ठेवा, म्हणजे गाळावरच्या केंद्रांची तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरत नाही.

आता सेन्सर ज्यावर बसतो त्या चबुतऱ्याकडे येतो, कारण आम्हाला सर्वांत जास्त सतावणारी चूक इथे होते. भक्कम म्हणजे अवजड, अशा समजुतीने काही ठिकाणी दीड-दोन टनांचा काँक्रीटचा ठोकळा ओततात. मऊ मातीवर असा ठोकळा स्वतःच डोलू लागतो आणि वरच्या वारंवारितांत, म्हणजे जलद कंपनांत, नोंद बिघडवतो. साधारण पाऊण ते एक मीटर चौरस आणि १५ ते २० सेंटिमीटर जाडीचा, खालच्या घट्ट मातीला किंवा खडकाला सर्व बाजूंनी नीट टेकलेला स्लॅब पुरेसा असतो. वरचा सैल थर खरवडून काढा. स्लॅबखाली वाळूची गादी घालू नका. खडक असेल तर तो घासून, धुऊन, त्यात गज बसवून मगच काँक्रीट ओता. वरची छपरी हलकी ठेवा आणि तिचे पाय चबुतऱ्यावर टेकवू नका, नाहीतर वाऱ्याने छपरी थरथरली की सेन्सरही थरथरतो.

सेन्सर बोल्टने आवळायलाच हवा. उभे त्वरण १ जी ओलांडते तेव्हा न बांधलेली वस्तू जमीन सोडते. २००८ च्या इवाते-मियागी भूकंपात जपानच्या एका केंद्रावर वरच्या दिशेने ३.९ जीच्या आसपास त्वरण नोंदले गेले, आणि २०११ मध्ये क्राइस्टचर्चजवळ उभे त्वरण २ जीच्या वर गेले. दहा किलोचा सेन्सर ४ जीच्या हादऱ्यात आपल्या बोल्टवर सुमारे ४०० न्यूटन जोर टाकतो. मधोमध एक चांगला अँकर बोल्ट हा जोर सहज पेलतो, मात्र अँकरसाठी भोक पाडण्याआधी काँक्रीट पुरते मुरलेले हवे आणि भोकातली धूळ फुंकून काढलेली हवी. धूळ राहिली की अँकर धरल्यासारखा वाटतो आणि धक्क्यात सरकतो. पाणसळीवर तीन पाय जुळवा, पायांचे लॉकनट आवळा, मग मधला बोल्ट आवळा आणि पुन्हा पाणसळ पाहा, कारण बोल्ट आवळताना तोल हमखास ढळतो. वाळूची पोती ठेवून सेन्सर दाबणे, दुहेरी टेपने चिकटवणे किंवा फरशीवर नुसता ठेवणे चालणार नाही. त्याच पेटीतली बॅटरीही पट्ट्याने बांधा. वीस किलोची सुटी बॅटरी पेटीत उडाली की तिचा सेन्सरला लागलेला धक्का आलेखात अणकुचीदार टोक होऊन उमटतो, आणि ते टोक भूकंपाचे की बॅटरीचे, हे नंतर कोणी खात्रीने सांगू शकत नाही.

दिशेची गफलत याहून जास्त आढळते. होकायंत्र घेऊन उत्तर ठरवली जाते, पण चबुतऱ्यात गज असतात, शेजारी लोखंडी पेटी असते आणि काही प्रदेशांत चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून दहा-पंधरा अंश दूर असते. १५ अंशांची चूक झाली की एका घटकाचा (उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम किंवा उभी अशा एका दिशेच्या नोंदीचा) २६ टक्के भाग दुसऱ्या घटकात गळतो. उत्तर ठरवायला केंद्रापासून निदान शंभर मीटर अंतरावर, लोखंडापासून दूर, उपग्रह-स्थाननिश्चितीने दोन बिंदू घ्या आणि ती रेषा थिओडोलाइटने चबुतऱ्यावर आणा. चबुतऱ्यावर उत्तरेचा बाण रंगाने न काढता छिन्नीने कोरा. बोअरमधल्या सेन्सरची दिशा तर खाली गेल्यावर दिसतच नाही. ती दूरच्या मोठ्या भूकंपाच्या संथ लहरी वरच्या सेन्सरशी जुळवूनच काढावी लागते. ते न करता खालची नोंद उत्तर-दक्षिण म्हणून प्रसिद्ध करणे चुकीचे आहे.

सेन्सरची खरी परीक्षा घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही, पृथ्वीचे गुरुत्व पुरते. बोल्ट काढा, सेन्सर सपाट पाटीवर ठेवा आणि एक मिनिट नोंद घ्या. मग पूर्वेचा बाण आकाशाकडे येईल असा सेन्सर कुशीवर उभा करा. स्थिर झाल्यावर त्या घटकाचे वाचन अधिक १ जी यायला हवे. बाण खाली करा, उणे १ जी हवे. दोन वाचनांच्या फरकाचा निम्मा आकडा म्हणजे १ जीसाठीचे उत्पादन, आणि बेरजेचा निम्मा म्हणजे शून्याची सरक, म्हणजे त्वरण शून्य असतानाही दिसणारे वाचन. हेच उत्तरेच्या घटकासाठी करा. उभ्या घटकात कारखान्यातच १ जी वजा केलेला असतो, म्हणून सेन्सर पालथा केला की त्यावर उणे २ जी दिसते. याने चिन्ह, दिशेचे नाव, केबलची जोडणी आणि संवेदनशीलता या चारही गोष्टी तपासल्या जातात. काम वीस मिनिटांचे आहे. बसवताना एकदा आणि नंतर दरवर्षी एकदा ते करा, आणि त्याची नोंद भूकंपाच्या नोंदीसारखीच जपून ठेवा.

आकड्यांच्या चुकाही ठरावीक साच्याच्या असतात, म्हणून त्या पकडता येतात. नोंद शेजारच्या केंद्रापेक्षा बरोबर दुप्पट किंवा निम्मी असेल, तर केबल एकेरी (एकाच तारेवरचा संकेत) जोडली की विभेदी (दोन तारांमधला फरक), यात घोळ आहे. ९.८ पटींचा फरक असेल तर कोणीतरी व्होल्ट प्रति जी आणि व्होल्ट प्रति मीटर-सेकंदवर्ग यांत गल्लत केली आहे. १०० पटींचा असेल तर सेंटिमीटर आणि मीटर. सेन्सर बदलला आणि फाइलमध्ये जुन्या सेन्सरची संवेदनशीलता तशीच राहिली, हा प्रकार तर नेहमीचाच. त्यामुळे केंद्राची माहिती-फाइल उपकरणाइतकीच गंभीरपणे सांभाळा: प्रत्येक बदलाची तारीख, जुना आणि नवा अनुक्रमांक, जुना आणि नवा आकडा. जुनी नोंद पुसून नवी लिहू नका, जुनी बंद झाल्याची तारीख घालून नवी खाली जोडा.

उपकरणाच्या वैशिष्ट्यांवर निविदांमध्ये पानेच्या पाने असतात, पण मुद्दे मोजके आहेत. मर्यादा अधिक-उणे ४ जी ठेवा. २ जी आता अपुरी पडते हे वरच्या उदाहरणांवरून दिसतेच. २४ बिटांच्या डिजिटायझरवर (संकेताचे आकडे करणाऱ्या यंत्रावर) ४ जीच्या मर्यादेत एक पायरी अर्ध्या मायक्रो-जीहून लहान असते, तर २ जीच्या जुन्या १२ बिटांच्या यंत्रात ती सुमारे एक मिलि-जी असे. नमुने सेकंदाला २०० घ्या. मेम्स प्रकारच्या (चिपवर कोरलेल्या सूक्ष्म यंत्रांच्या) स्वस्त सेन्सरांना आमचा विरोध नाही. इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर एक किंवा शहरभर दाट जाळे यासाठी ते उत्तम आहेत. मात्र त्यांच्या अंगभूत गोंगाटात लहान भूकंप बुडतो, आणि केंद्र जिवंत आहे का हे आपल्याला त्या लहान भूकंपांवरूनच कळते. म्हणून जाळ्याचा कणा चांगल्या बल-संतुलित (आतले वजन जागेवर धरायला लागणाऱ्या बलावरून त्वरण मोजणाऱ्या) सेन्सरांचा असू द्या आणि मधल्या जागा मेम्सने भरा.

जुनी फिल्मची यंत्रे हादरा बसल्यावर जागी होत आणि पहिल्या लहरी हुकत. आज तसे करण्याचे कारण उरलेले नाही. तीन घटक, सेकंदाला २०० नमुने आणि नमुन्याला ४ बाइट धरले तर दिवसाला सुमारे २०७ मेगाबाइट होतात. ३२ गिगाबाइटच्या कार्डावर, न आकुंचित करताही, जवळपास पाच महिने मावतात. तेव्हा अखंड नोंद घ्या, आणि ट्रिगर (हादरा ठरावीक पातळी ओलांडताच मिळणारा इशारा) फक्त घटना वेगळी काढायला वापरा. ट्रिगरने कापलेल्या फाइलमध्ये धक्क्याआधीचे निदान ३० सेकंद हवेतच, कारण शून्यरेषा तिथूनच ठरते. शून्यरेषेत एका मिलि-जीची चूक राहिली तर दोनदा समाकलन केल्यावर, म्हणजे त्वरणावरून वेग आणि वेगावरून अंतर काढल्यावर, मिनिटभरात १७ मीटरहून अधिक खोटे विस्थापन जमा होते. म्हणूनच पूर्वनोंद नसलेल्या फाइलवरून जमीन किती सरकली हे विचारले की आम्हाला नाइलाजाने उत्तर नाकारावे लागते.

थेट प्रक्षेपणाबाबत एक गोष्ट खरेदी करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. शांत काळात नोंद छान आकुंचित होते आणि थोड्या बँडविड्थमध्ये वाहते. जोराच्या हादऱ्यात शेजारच्या नमुन्यांमधला फरक वाढतो, आकुंचन जवळजवळ संपते आणि डेटा कित्येक पटींनी फुगतो. तीन घटकांसाठी सेकंदाला १९ किलोबिटांच्या आसपास वाहिनी मोकळी हवी, आणि नेमक्या त्याच क्षणी सगळा परिसर मोबाइलवर एकमेकांना फोन लावत असतो. शांत दिवशी चाचणी घेऊन दिलेला ‘समाधानकारक’ शेरा म्हणून पुरेसा नाही. रेकॉर्डरने कमाल त्वरण, कमाल वेग आणि मोजक्या आवर्तकालांवरचा प्रतिसाद जागेवरच काढून आधी एक लहान संदेश पाठवावा, संपूर्ण नोंद मागाहून येऊ द्यावी. वाहिनी तुटली तर ती जुळल्यावर राहिलेला भाग आपोआप पुढे गेला पाहिजे. हे कसे तपासाल? सेन्सरचा चबुतरा रबरी हातोडीने दहा मिनिटे ठोकत राहा आणि मध्येच अँटेना काढा. केंद्रीय संगणकावर एकही नमुना गहाळ नसेल तरच केंद्र स्वीकारा.

बॅटरीचे गणित सोपे आहे, पण ते केले जात नाही. १२ व्होल्ट, ६५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ७८० वॉट-तास. ती निम्म्यापर्यंतच वापरायची म्हटले तर ३९०. मोडेमसह ६ वॉटच्या भारावर ६५ तास, म्हणजे तीन दिवसांहून कमी. हे नवीन बॅटरीचे झाले. बंद पेटीत, उन्हात, तिचे आयुष्य झपाट्याने घटते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की ते साधारण निम्मे होते. व्होल्टमीटर १२.६ दाखवतो म्हणून बॅटरी चांगली समजू नका. मुख्य पुरवठा २४ तास तोडून ठेवा आणि उतरण पाहा. पुरवठा परत आल्यावर रेकॉर्डर आपणहून सुरू होतो का, हेही त्याच वेळी पाहा, कारण बॅटरी खोल उतरल्यावर बंद पडलेली काही यंत्रे कोणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत तशीच राहतात.

घड्याळाचे महत्त्व एकट्या केंद्रावर कळत नाही, इमारतीत लगेच कळते. साठ मीटर उंच इमारतीत कातरलहर पायथ्यापासून माथ्यापर्यंत, वेग सेकंदाला १५० मीटर धरला तर, ०.४ सेकंदांत पोचते. भूकंपानंतर हा वेग १० टक्क्यांनी घटला तर ताठरता सुमारे १९ टक्क्यांनी घटली असा अर्थ होतो, आणि हीच तर आपल्याला हवी असलेली माहिती. पण तळाच्या आणि माथ्याच्या रेकॉर्डरांच्या घड्याळांत ५० मिलिसेकंदांचा फरक असेल, तर त्या घटीएवढाच खोटा बदल नुसत्या घड्याळामुळे दिसतो. म्हणून इमारतीतले सर्व सेन्सर एकाच रेकॉर्डरला जोडा, किंवा एकच वेळसंकेत सर्वांना द्या. उपग्रहाचा संकेत किती वेळ तुटला याची नोंद आपोआप व्हायला हवी. उपग्रहाचा संकेत घेणाऱ्या जुन्या स्वीकारकांचा आठवड्यांचा मोजक १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तसे झाले तेव्हा ज्यांची आज्ञावली अद्ययावत नव्हती ती यंत्रे सुमारे १९.६ वर्षे मागची तारीख लिहू लागली. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ ची आहे, आणि आज खरेदी होणारी काही यंत्रे तेव्हाही वापरात असतील.

इमारतीत सेन्सर किती आणि कुठे, हे वास्तूच्या रचनेवर अवलंबून आहे, तरी दहा मजली साध्या इमारतीसाठी १२ घटकांची मांडणी चांगली चालते. तळघरात तीन आडवे आणि तीन उभे, मधल्या एका मजल्यावर तीन आडवे, गच्चीखालच्या स्लॅबवर तीन आडवे. प्रत्येक ठिकाणच्या तीन आडव्यांपैकी दोन एकमेकांना समांतर आणि दोन टोकांना हवेत, म्हणजे इमारत पिळली किती हे त्यांच्या फरकातून निघते. तळघराचे उभे सेन्सर कोपऱ्यांत ठेवले की पाया डोलला का ते कळते. गच्चीवर लिफ्टच्या मोटारीशेजारी, पाण्याच्या टाकीखाली किंवा पोकळ छतावर सेन्सर बसवू नका. आणि या १२ घटकांच्या जोडीला बाहेर मोकळ्या जमिनीवर एक त्रिघटक केंद्र ठेवा. पुलांवर आमचा आग्रह प्रसरण सांध्यांसाठी आहे. सांध्याच्या दोन्ही अंगांना सेन्सर असतील तरच गर्डर बेअरिंगवरून किती सरकला हे समजते, आणि पूल बहुधा तिथेच उतरतो.

निविदेविषयी दोन गोष्टी. बसवून दिले की देयक अदा, ही पद्धत बदला. रकमेचा मोठा हिस्सा पुढच्या किमान पाच वर्षांच्या चालू दिवसांशी बांधा, आणि चालू दिवस म्हणजे काय ते लिहा: नोंद अखंड, घड्याळ जुळलेले, शून्याची सरक मर्यादेत, बॅटरी चाचणीत उत्तीर्ण. ‘उपकरण उपस्थित’ एवढ्यावर दिवस मोजू नका. दुसरी गोष्ट, शंभर केंद्रे बसवून साठ सांभाळण्यापेक्षा साठच बसवून ती सर्व सांभाळा. कायमस्वरूपी निधीची सोय करता येते, हे कॅलिफोर्नियाने दाखवले आहे. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर कायद्याने उभा राहिलेला तिथला कार्यक्रम बांधकाम परवान्यांवरच्या अल्पशा शुल्कातून चालतो. जपानने १९९५ च्या कोबे भूकंपानंतर सुमारे १००० केंद्रांचे के-नेट हे जाळे साधारण २० ते २५ किलोमीटरच्या अंतराने उभारले, आणि त्याच्या नोंदी जगातल्या कोणालाही नोंदणी करून मिळतात. तैवानमध्ये आधीपासून दाट जाळे होते, म्हणून १९९९ च्या ची-ची भूकंपात मुख्य धक्क्याच्या ४०० हून अधिक नोंदी हाती आल्या. प्रस्तरभंगाजवळ जमीन कशी हलते याबद्दल आजच्या ज्ञानाचा मोठा भाग त्यांच्यातून आला.

राहिला प्रश्न नोंदी उघड करण्याचा. धरणांच्या आणि इमारतींच्या मालकांना वाटते की मोठा आकडा बाहेर पडला तर लोक घाबरतील किंवा दावे ठोकतील. २०११ च्या तोहोकू भूकंपात त्सुकिदाते केंद्रावर एका आडव्या घटकात २.७ जी नोंदले गेले, आणि तरीही आसपासच्या घरांचे नुकसान त्या आकड्याच्या मानाने थोडे होते, कारण ते त्वरण अतिशय जलद वारंवारितांत होते. याउलट २०१५ मध्ये काठमांडूत फक्त ०.१६ जीच्या आसपास नोंद झाली, पण खोऱ्यातली जमीन चार-पाच सेकंदांच्या संथ लयीत हलली. नुसता कमाल आकडा वर्तमानपत्रात जातो तेव्हाच गैरसमज होतात. संपूर्ण नोंद आणि प्रतिसाद-वर्णपट (वेगवेगळ्या आवर्तकालांच्या इमारती त्या हादऱ्यात किती हलतील याचा आलेख) सोबत दिला की जाणकार तिचा अर्थ नीट सांगू शकतात. म्हणून कच्ची नोंद, संस्कारित नोंद आणि तिच्यावर लावलेल्या गाळणीच्या (नको त्या वारंवारिता काढून टाकणाऱ्या गणिताच्या) मर्यादा असे तिन्ही द्या. केवळ संस्कारित नोंद दिली तर संथ हालचाल कुठे कापली हे कळत नाही, आणि उंच इमारतींना तोच भाग हवा असतो.

या पत्राला उत्तर म्हणून आम्हाला आश्वासन नको, एक तक्ता हवा आहे. प्रत्येक केंद्राची एक ओळ, आणि रकाने असे: अक्षांश-रेखांश, उपकरण जमिनीवर की बांधकामात, खालच्या मातीचा वेग, सेन्सरची मर्यादा आणि संवेदनशीलता, उत्तर कशी ठरवली, बोल्ट आहे का, उलटून घेतलेल्या चाचणीची शेवटची तारीख, बॅटरी बदलल्याची तारीख, आणि सर्वांत शेवटी नोंदवलेल्या भूकंपाची तारीख. शेवटचा रकाना आम्ही सर्वांत आधी पाहू. आसपास जाणवलेल्या लहान भूकंपाची नोंद ज्या केंद्राकडे नाही, ते केंद्र आज बंद धरून तिथे माणूस पाठवा. जे माहीत नसेल तो रकाना रिकामा ठेवा, अंदाजाने भरू नका. तक्ता सार्वजनिक ठिकाणी ठेवा आणि दर सहा महिन्यांनी ताजा करा. तो तपासायला, चाचण्या शिकवायला आणि जुन्या माहिती-फाइली दुरुस्त करायला आम्ही यायला तयार आहोत.

कळावे,
तीव्र भूकंपकंपनाच्या नोंदी घेणारे आणि वापरणारे